सदर बालक परत करणेबाबत

९ डिसेंबर १९६१, शनिवार. दिग्रस. सकाळी सहा.

उद्या मी बाप होणार. सत्तेचाळिसाव्या वर्षी, सुईण, डिंकाचे लाडू आणि रडारड यांच्याशिवाय. लोक मूल जन्माला घालतात आणि ते कसं निघतं याची वीस वर्षं वाट बघतात. मी तयार मूल पारखून घेणार. घाटंजीला कुंदाची मावसबहीण सुनीती. तिला पाच मुलं. दोन मुलगे, तीन मुली. थोरला बारा वर्षांचा, धाकटा नंदकिशोर दहाचा. दोघांना समोर उभं करून तीसपर्यंत पाढे म्हणायला लावीन. जो अडखळणार नाही तो माझा.

दत्तकपत्र तयार. बावीस वर्षं लोकांचे दस्तऐवज लिहितो आहे. हे काम दुसऱ्याच्या हाती देण्याचा प्रश्नच नव्हता. नाव आणि वय तेवढं कोरं, निवड झाली की भरायचं. माझी सही करून ठेवली. कुंदाच्या संमतीचीही घेतली. नव्या कायद्याला बायकोची संमती लागते. कायदा करणाऱ्यांना बायका नसाव्यात. शिवाय एक कोरा कागद नुसत्या सहीचा, जास्तीचा. प्रवासात काय लागेल सांगता येत नाही. पक्षकारांना मी कोऱ्या कागदावर कधीच सही करू देत नाही, पण ते अडाणी असतात.

कुंदा महिनाभर दुपटी शिवते आहे. सुनीतीच्या तान्हीला भेट म्हणे. ट्रंकेत दुधाची बाटली आणि पावडरचा डबाही. भेटीचा अतिरेक.

संकल्प: प्रवासात चिडायचं नाही.

सकाळी साडेनऊ. स्टँडवर. चिडलो.

१० डिसेंबर, रविवार. घाटंजी. संध्याकाळी सहा.

घात झाला आहे. क्रमाने लिहितो, पुढे पुरावा म्हणून लागेल.

थोरला सत्ताविसाच्या पाढ्यात रडला. बाद. नंदकिशोरने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ह्या काकाच्या नाकात किती केस हायेत असं सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाला आणि पसार झाला. शेजाऱ्याच्या कापसाच्या ढिगात घुसला. मुहूर्त अकरा चाळीसचा. मी पाटावर, सोवळ्यात. अकरा अडतीस झाले. भटजी घड्याळाकडे बघून खाकरू लागले. तेवढ्यात सुनीतीने चार महिन्यांची तान्ही माझ्या मांडीवर ठेवली. वाटलं, हिला पोराला शोधायला जायचंय, हात मोकळे हवेत. मी धरली. धरली नसती तर पडली असती. भटजींनी अक्षता टाकल्या. बायका रडल्या.

कोऱ्या जागा सुनीतीच्या नवऱ्याने, श्रीकृष्णाने भरल्या. शाळामास्तर आहे, भरायला काहीतरी लागतंच. 'इंदुमती, वय महिने चार.' खाली दोन साक्षीदार. मी वाचलं तेव्हा शाई वाळली होती.

हरकत घेतली. श्रीकृष्ण म्हणाला, साडूबुवा, देणाऱ्याने दिली, घेणाऱ्याने घेतली, मसुदा तुमचा, सही तुमची, कायद्याला अजून काय लागतं? खरं तर काहीच लागत नाही. पण ते मी त्याला सांगितलं नाही.

कुंदाला विचारलं. म्हणाली, हे मूल पोटात असतानाच आम्हा बहिणींचं पत्राने ठरलं होतं. मला का नाही सांगितलं? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही मसुदा करत बसला असता आणि तोवर तिचं लग्नाचं वय झालं असतं.

संताप आला. जेवलो मात्र; अन्नावर राग नाही.

११ डिसेंबर, सोमवार. घाटंजी स्टँड. सकाळी साडेसात.

प्रोग्राम आखला आहे. एक, सदर बालकाला मी हात लावणार नाही. कायद्याला एकदा घेणं लागतं, ते झालं. दोन, दर चार तासांनी दूध, मधे थेंब नाही. इंग्रजी पुस्तकात वाचलंय. हे टाइमटेबल एस.टी.च्या टाइमटेबलशी जुळवलं: सातचं दूध झालं, अकराचं यवतमाळ स्टँडवर, तीनचं दिग्रसला घरी. तीन, पोचताच बालक परत करण्याची कारवाई. दत्तक रद्द होत नाही असं कलम पंधरा म्हणतं. म्हणू दे. कलमात फट शोधण्यातच माझी बावीस वर्षं गेली.

कुंदा ट्रंक पायाशी ठेवू म्हणत होती. टपावर टाकायला लावली. सामान टपावर, माणसं आत. डिसिप्लिन.

यवतमाळ स्टँड. दुपारी साडेबारा.

गाडी दीड तास उशिरा निघाली. ड्रायव्हर चहा पीत होता. शेजारच्याची बिडी, मागच्याची ओकारी, पुढच्याच्या मांडीवर कोंबडी. कुंदाला पदर सावरायचा होता म्हणून मिनिटभर बालक घेतलं. ते मिनिट नऊ मैल चाललं. कोटाच्या बाहीवर फाटलेलं दूध. लग्नातला कोट.

अकराचं दूध हुकलं. ट्रंक एका टपावरून दुसऱ्या टपावर गेली, मधे बाटली काढायची राहिली. ध्यानात आलं तेव्हा वर मिरच्यांची सोळा पोती आणि ताडपत्री. कंडक्टर रामलाल, त्याला म्हटलं काढ. म्हणे, मले टाइम नाही सायेब, तुमीच चढा, तुमाले कोन अडवून राह्यलं? चढलो नाही. कोटाला शोभलं नसतं.

बालक किंचाळतंय. स्टँडवरचे लोक माझ्याकडे बघतात. जणू मीच चिमटा काढला.

दारव्ह्याच्या अलीकडे. अडीच.

पंक्चर. पळसाखाली बसून लिहितो.

यवतमाळपासून आमच्या बाकावर एक बंजारी बाई आहे. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांची चोळी, नाव मानीबाई. कुंदाशी अशी बोलते, जणू एका ताटात जेवलेली. लेकरू काहून रडून राह्यलं विचारलं, आणि कुंदाने भर गाडीत सगळा इतिहास सांगितला. तेव्हा मला माझी भूमिका मांडणं भाग पडलं. उभा राहून सांगितलं की बालक आमच्याकडे तात्पुरतं आहे, लवकरच परत जाईल. मागून एक म्हातारा म्हणाला, पोरगी का बैल हाये का, पटली नाही त वापस? मी म्हटलं, बैलाच्या व्यवहारात तरी कुणी झोपेत माल गळ्यात घालत नाही.

मानीबाई मला म्हणाली (एकेरीत): मले पाच पोरं हायेत, देवानं छोरी देल्लीच नाही. तुले नको त मले दे न बाप्पा.

घेऊन टाका, मी म्हणालो. विनोदाने. पण या लोकांना विनोद कळत नाही. रामलाल म्हणाला, झालं, आमी साक्षी. सबंध गाडीने माना हलवल्या. मानीबाईने बालक घेतलं. ते तिच्या बांगड्या चोखत गप्प झालं.

बरं झालं. प्रोग्राममधला मुद्दा एक शेवटी पाळला गेला. मांडीवर काही नाही. फार सुखाने बसलो आहे. मांडी जरा गार वाटते, वारं आहे.

दिग्रस, घरी. रात्री साडेआठ.

अंगभर कापूस. क्रमाने.

दिग्रस चार मैल राहिलं तेव्हा तांड्याचा फाटा आला. मानीबाई उतरली. बालकासकट. कुंदा खिडकीतून तिला दुपटं देत होती! मी म्हटलं, अगं. ती म्हणाली, तुम्हीच दिलीत ना, गाडीभर साक्षीदार आहेत. आणि शेंगा सोलू लागली. डोळ्यांत पाणी नाही. हेच का मातृहृदय?

आता प्रश्न तत्त्वाचा होता. कलम नऊप्रमाणे दत्तक घेतलेलं मूल पुढे दत्तक देता येत नाही. माझ्या नावावर बेकायदा व्यवहार नको. हे त्या बाईला समजावणं आवश्यक होतं, म्हणून उतरलो. गाडी तेव्हा थांबलेली नव्हती.

मी पळालो नाही. कापसाच्या पऱ्हाटीतून झपाझप चाललो. एक चप्पल शेतात राहिली. गाडीतले लोक खिडक्यांतून ओरडत होते, धर वकीला, धर! मी वकील नाही.

तांड्यात पोचलो तर मानीबाईची सून जमनी बालकाला पाजत होती. मी पाठ करून उभा राहिलो. सकाळी सातपासून उपाशी जीव. गटागट आवाज पाठमोऱ्यालाही ऐकू येत होता. चार तासांच्या नियमाचा भंग झाला, याची नोंद. आमच्या घराण्यात कोण कुणाच्या हातचं पाणी प्यालं हे विचारतात. दुधाचं तर बोलायलाच नको. हे कुणाला कळता कामा नये. (ही ओळ नंतर खोडायची.)

मूल मागितलं. मानीबाई म्हणाली, असं नाही देत, नायकाले विचारू. तांड्यातली भांडणं नायक तोडतो. नायक खेमसिंग, पांढऱ्या मिशा, लिंबाखाली खाटेवर. तांडा जमला. मी कायदा मांडला: कलम सात, नऊ, अकरा, पंधरा. वीस मिनिटं कुणी हललं नाही. दिग्रसमध्ये मला असं कुणी ऐकत नाही. संपल्यावर खेमसिंगने चिलीम बाजूला ठेवली. म्हणाला, हे सारं खरं असन बाप्पा. पन छोरी कोनाची?

मी कलम अकरापासून पुन्हा सुरुवात केली. म्हणाला, छोरी कोनाची? मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या पाहता. म्हणाला, तांत्रिक आमाले समजत नाही, मानीची का तुही, एवढंच सांग.

सगळे थांबले. मानीबाईने बालक खांद्यावर टाकलं आणि आपल्या घराकडे चालू लागली. दोन पावलं. तीन. खांद्यावरून बालक माझ्याकडे बघत होतं. तोंडाला दूध लागलेलं.

माझी, असं मी म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो असेन, कारण कुत्री भुंकली.

सदर जबाब दबावाखाली दिलेला असून मजवर बंधनकारक नाही.

मानीबाईने मूल आणून माझ्या हातात दिलं, तिच्यावरून कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, एवढंच बोलाचं होतं त दिवसभर कायले बोंबलत होता? तांडाभर गूळ वाटला. मलाही खावा लागला.

तिचा नवरा भीमसिंग कापसाची गाडी जोडून दिग्रसच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, निघाला होता. त्याने मला वर बसवलं. ढिगाच्या टोकावर मी, एक चप्पल, मांडीवर बालक. वाटेत बालकाने ढीग भिजवला. भीमसिंग म्हणाला, झालं, आता व्यापारी म्हणन भीम्यानं वजन वाढवाले पानी मारलं. बाजारात दिवे लागले होते. सगळं दिग्रस वर बघत होतं. तिघांनी अभिनंदन केलं. ओळखीचे निघाले, तोंड लपवता आलं नाही.

कुंदाने पाणी तापवून ठेवलं होतं. दोघांचं.

१२ डिसेंबर, मंगळवार.

श्रीकृष्णाला रजिस्टर पत्र. विषय: सदर बालक परत करणेबाबत. अकरा मुद्दे. मुलगी घेऊन जा, नंदकिशोरला पाठवा. आठ दिवसांत कळवा, न पेक्षा योग्य ती कारवाई. असा मसुदा कित्येक वर्षांत हातून झाला नव्हता. जाड कागद, दोन प्रती. पोस्टात टाकायला कुंदाकडे दिला. मीच जाणार होतो, पण मांडीवर झोपली होती आणि उठलो असतो तर पुन्हा सुरू.

१४ डिसेंबर, गुरुवार.

पत्र पोचलं असेल. श्रीकृष्ण हट्टी आहे, मानणार नाही. मानूही नये एवढ्यात. बालकाला सर्दी आहे, सर्दीत एस.टी. नको.

मागच्या दाराशी तूप घेऊन मानीबाई. इथे कशी? कुंदा म्हणाली, अकरा वर्षं आपण हिच्याकडचंच तूप खातो. मी कधी पाहिली नव्हती. योगायोगाने माणूस थक्क होतो. दोघी मला बघून हसल्या. बायकांना हसायला कारण लागत नाही.

१६ डिसेंबर, शनिवार.

टपाल नाही. लोक पोस्टाला उगाच नावं ठेवतात. उशीर हा कधी कधी गुण असतो.

आज ती पालथी पडली. एक खरेदीखत अर्धं टाकून घरी गेलो होतो. एक कागद विसरला होता. कोणता ते आता आठवत नाही. नंदकिशोरबद्दल विचार केला: नाकातले केस मोजणारा मुलगा घरात नको. पण पत्र तर गेलं. ते मान्य करून मोकळे झाले तर? माझीच भाषा, माझेच अकरा मुद्दे. एकात तरी फट ठेवायला हवी होती. रात्रभर शोधली. नाही.

१८ डिसेंबर, सोमवार. दुपारी.

घाटंजीचं पाकीट. सकाळपासून खिशात होतं. बाराला फोडलं.

श्रीकृष्ण लिहितो: आपलं पत्र मिळालं. सुनीती आठवडाभर डोळे पुसत होती, पत्र ऐकल्यावर जेवली. 'इंदूवाचून आता घर घर वाटणार नाही, तिची काळजी करू नये' असं आपल्यासारखा माणूस लिहील असं वाटलं नव्हतं, क्षमा असावी. अक्षर वहिनींचं दिसतं, पण खाली सही आपलीच आहे.

जास्तीचा कोरा कागद.

कुंदाला विचारलं, माझं रजिस्टर पत्र कुठे आहे? तिने वर न बघता पाळण्याच्या स्टँडकडे बोट दाखवलं. डाव्या पायाखाली, दोन्ही प्रती, आठ घड्या करून. स्टँड डुगडुगत होता म्हणे, दुसरा एवढा जाड कागद घरात नव्हता.

हलवून पाहिला. आता डुगडुगत नाही.