दात न बघितलेलं घर

जबलपूर

आबा, तुमच्या आणि आईच्या पायावर डोकं ठेवून लिहितोय.

फोनवर तुमाला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून हे पत्र. सारिकाताई वाचून दाखवंल. बदलीची जागा बरी हाय, मेसचं जेवण पचतंय. आईच्या गुडघ्याला तेल लावताय ना?

आपण समद्यांनी एकत्र राहायचं म्हणून घर घेतोय. ताईनं तुमाला वडगावात तीन दाखवली: पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, रांगेतलं रो हाऊस आणि एक जुना बैठा बंगला. तुमी म्हणं तिन्हींना "चांगलं हाय" म्हणालात आणि लगेच आपल्या गावाची, बेडशाची एसटी धरली. रो हाऊसच्या झोपायच्या खोल्या वरती हायत, आई जिना कशी चढंल, ते विचारलं न्हाई. फ्लॅटला अंगण न्हाई, त्यावरबी काय बोलला न्हाई.

बैल घ्यायचा असला की तुमी दात बघता, चालवून बघता, अर्धा दिस घालवता. जो आपल्या दावणीला आणायचाच न्हाई, त्याला मात्र लांबूनच "चांगला हाय" म्हणता. मी ल्हानपणापासून बघतोय.

म्हणून आबा, एकदा परत जाऊन या. एखादी तरी खोट काढा.

तुमच्या वाटंकडं डोळं लावून बसलेला,
उमेश