पिवळे फॉर्म चेकांचे, निळे ग्रीकांचे

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
१९ ऑक्टोबर

ती. ताईस,

उल्हासचा साताऱ्याच्या दिशेने तोंड करून नमस्कार. (दिशा नक्की माहीत नाही. अहिल्याच्या खिडकीतून एक मेपलचं झाड आणि बसथांबा दिसतो, त्यातला बसथांबा पूर्वेला धरला आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना त्यातून आवाज येतो म्हणाली होतीस, तो थांबला की तुलाच त्याची सवय झाली? दाजी सकाळी बाहेर फिरायला जातात का, की अजून बाल्कनीतच फेऱ्या मारतात आणि मैदानाला गेलो होतो म्हणून सांगतात? तुला मेसेज केला तर चष्मा सापडत नाही म्हणतेस, आणि फोनवर दाजी मध्येच हवामान विचारतात, म्हणून कागदावर लिहितो आहे.

इकडे मी गेले पाच आठवडे आहे. सुनेत्रा घरी चँडलरलाच आहे, तिची नोकरी चालू आहे आणि मी घरात नसल्यामुळे तब्येत उत्तम आहे. अहिल्या इथल्या युनिव्हर्सिटीत समाजशास्त्रात पीएच.डी. करते हे तुला माहीत आहेच, पण ती कॅम्पसच्या बसमधून उतरताना पाय मुरगळून पडली आणि उजव्या घोट्याचं हाड मोडलं, हे तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. (आता बरी आहे. रागावू नकोस, हे वाचताना तरी रागावू नकोस.) तिला ड्राइव्ह करता येईना आणि उरलेलं फील्डवर्क तर करायचं होतं. मी जूनमध्ये रिटायर झालो, तेव्हापासून घरात सुनेत्राच्या डब्यांना लेबलं लावत होतो. दोघी मायलेकींचं फोनवर काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी माझं तिकीट निघालं होतं.

तिचा विषय असा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे चेक लोक आले (म्हणजे बँकेतला चेक नव्हे, प्राग शहराचे ते) आणि ग्रीकही आले. आता त्यांची नातवंडं-पतवंडं इथे आहेत. ती किती शिकली, काय कमावतात, घरं कुठे घेतली, लग्नं कोणाशी केली, आजारी पडलं तर कोण धावून येतं, आजोबांची भाषा कोणाला येते, असं सगळं दोन बाजूंना मांडून तुलना करायची. मी पंचवीस वर्षं कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात दोन बॅचेस शेजारी ठेवून तपासत आलो, तेव्हा मला वाटलं हे आपलंच काम. तसं मी अहिल्याला म्हणालोही. ती म्हणाली, "बाबा, यू जस्ट ड्राइव्ह, ओके?" आणि फॉर्म्सचे दोन गठ्ठे माझ्या हातात दिले. पिवळे चेकांचे, निळे ग्रीकांचे. मी गाडी चालवायची, गठ्ठे धरायचे आणि बोलायचं नाही.

गाव इथून दोन तासांवर. पूर्वी पोलादाची भट्टी होती, ती बंद पडून जमाना झाला. डोंगरांच्या मधल्या खोबणीत गाव बसलेलं आहे आणि सकाळी धुकं असं भरलेलं असतं की आपण गाडी चालवत नसून कोणीतरी आपल्याला हळूहळू आठवत आहे असं वाटतं. दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झाडं, अधूनमधून एखादं लाकडी घर, व्हरांड्यात रिकामी झुलती खुर्ची. अशा वातावरणात पाट्या वाचणं मला जमत नाही. पहिल्याच दिवशी मी एकशे चौदा नंबरऐवजी एकशे चाळीस नंबरच्या दारात गाडी लावली. एका गुबगुबीत आजीबाईंनी दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, बिटाचं सूप दिलं. दीड तास अहिल्याने प्रश्न विचारले, बाईंनी मोकळेपणाने उत्तरं दिली, दोनदा डोळे पुसले. पिवळा फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत भरला. निघताना बाई म्हणाल्या की सगळं ठीक, पण बॉयलर कधी दुरुस्त करणार? त्या सकाळपासून बॉयलरवाल्याची वाट पाहत होत्या, आणि त्यांचे आजी-आजोबा पोलंडचे निघाले. आधीच का नाही सांगितलं, असं मी (न बोलण्याचा नियम मोडून) विचारलं, तर म्हणाल्या, इतक्या प्रेमाने कोणी विचारत होतं, मध्येच कशाला थांबवायचं. गाडीत अहिल्या माझ्याशी चाळीस मैल बोलली नाही. तशी ती एरवीही फारशी बोलत नाही, पण या न बोलण्याला कारण होतं.

ग्रीकांकडे आम्ही बरोबर पोहोचलो, कारण चर्चचा घुमट धुक्यातूनही दिसतो. तळघरात बारा-पंधरा बायका जत्रेच्या तयारीला बसल्या होत्या आणि द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत होत्या. (आपल्या अळूवडीची सावत्र बहीण म्हण.) त्यांच्या मुख्य डेस्पिनाबाई, वय एक्याऐंशी, नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं हायवेवर डायनर, म्हणजे आपली खानावळ, चालवलेलं. त्यांनी मला बघितलं, एप्रन दिला आणि पानं पुढ्यात सरकवली. अहिल्या निळा फॉर्म काढेपर्यंत त्यांनीच तिला विचारून घेतलं, वय किती, लग्न का नाही, पाय मोडला तेव्हा कोणी सूप आणून दिलं का, आणि बाप इतका गप्प का. निळा फॉर्म बराच वेळ कोराच राहिला. मग डेस्पिनाबाई बोलल्या. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा मुलांना चर्चमध्ये ग्रीक शिकायला पाठवायच्या. मुलं रडायची. त्या पाठवायच्या. आता तीच मुलं स्वतःच्या मुलांना रडवून पाठवतात. मुलगी डेंटिस्ट, दर रविवारी येते. मी मनात म्हटलं, हे बघ, असं करायला हवं होतं. इतक्यात त्या पान गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "धाकटा नऊ वर्षं बोलत नाही. भांडून गेला. पण भांडला शुद्ध ग्रीकमध्ये. एक व्याकरणाची चूक नाही." आणि त्यांनी माझी गुंडाळी उलगडून परत बांधली, कारण माझी सैल होती.

चेकांच्या हॉलचं सांगतो आता. तिथेच मी ते केलं, ज्याबद्दल कदाचित तुला अहिल्याकडूनही कळेल, म्हणून माझी बाजू आधी. हा हॉल म्हणजे एकेकाळी सहाशे सभासदांचा, व्यायाम, नाटकं, लग्नं, सगळं तिथे व्हायचं. आता सभासद नऊ. त्यांतले फ्रँक होलेचेक किल्ली घेऊन आले. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेत गणित शिकवून रिटायर, उंच, कमी बोलणारे. सगळी मुलं चांगली शिकलेली, चांगल्या नोकऱ्यांत, चार राज्यांत चार. भाषा? फक्त इंग्रजी. चेक एक शब्द येत नाही, म्हणाले, तसं लिहा. अहिल्याने लिहिलं. मग ते म्हणाले, एक गोष्ट दाखवतो, आणि स्टेजवरचा जुना पडदा खाली सोडायला निघाले. शंभर वर्षांपूर्वी कोणा रंगाऱ्याने त्यावर नदी, पूल आणि टेकडीवरचा किल्ला रंगवला आहे. दोर जड होता म्हणून मी धरला. पडदा हळूहळू उतरला आणि अर्ध्यावर आला. वरच्या खिडकीतून ऊन आलं होतं, त्या उन्हात ती नदी खरंच वाहते आहे असं दिसत होतं. आमच्यापैकी कोणीच ते गाव पाहिलेलं नाही, फ्रँकनीही नाही. तरी आम्ही तिघं काठावर उभं राहिल्यासारखे उभे होतो.

तेव्हा फ्रँक आपणहून बोलायला लागले. आजी होती तोवर घरात चेक होतं. ते सहा वर्षांचे असताना आजी गेली. वडील भट्टीवर कामाला, लहानपणी बोटीने आलेले. त्यांनी ठरवलं की मुलगा मागे पडायला नको, उद्यापासून घरात इंग्रजी. "पण त्यांचं इंग्रजी भट्टीपुरतं होतं," फ्रँक म्हणाले. "मग ते माझ्याशी फार बोलेनासे झाले. मला वाटायचं, त्यांना मी आवडत नाही."

ताई, मी दोर सोडला. मुद्दाम नाही. हातातून कधी गेला मला कळलंच नाही. सगळा पडदा, नदी, पूल, किल्ला, वरच्या लाकडी दांड्यासकट गडगडत खाली यायला लागला, आणि बरोब्बर खाली अहिल्या, एका पायावर, कुबडी टेकून. फ्रँक ओरडले, "पोझोर!" आणि तिला हाताने मागे ओढलं. दांडा एक फुटावर आपटला. धूळ इतकी उडाली की पाच मिनिटं कोणी कोणाला दिसेना, नुसत्या शिंका. धूळ खाली बसली तेव्हा फ्रँक तिथेच उभे होते, हात तसाच पुढे. कोणाला तरी हाक मारली आणि ते माणूस आलं, असा चेहरा. पोझोर म्हणजे सांभाळ, जपून. आजी शेगडीपाशी म्हणायची. बहात्तर वर्षं तो शब्द तोंडातून निघाला नव्हता. ते दोन-तीनदा हळू म्हणून बघत राहिले. मी माफी मागितली, तर ती त्यांना ऐकूच आली नाही. जाताना अहिल्याला म्हणाले, फॉर्ममध्ये दुरुस्ती करता येईल का? तिथे लिहा, चेक, एक शब्द. अहिल्याने तसं लिहिलं. तिच्या गाइडला हे चालणार नाही हे तिला माहीत होतं, तरी लिहिलं.

परतताना रस्त्यात कॉफीला थांबलो. बाहेर लाकडी बाक होतं, समोर खाली दरी, त्यात ऊन विरत चाललं होतं. अहिल्याने पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला. ना पिवळा ना निळा, साधा पांढरा. म्हणाली, "तुमचा भरू या?" आणि सतराव्या प्रश्नाला थेट गेली. घरात मुलांशी कोणती भाषा बोललात, आणि का.

मी सांगितलं. ती पाच वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी आम्हाला बोलावलं होतं, मुलगी दोन भाषा मिसळते, घरात इंग्रजी बोला म्हणाल्या. आम्ही नवे, व्हिसा नवा, बाईंचं बोलणं म्हणजे नियम. सोमवारपासून इंग्रजी. सुनेत्राला चटकन जमलं. माझं इंग्रजी मात्र मशीनपुरतं होतं. टेंपरेचर वाढतंय हे मला सांगता यायचं. पण मुलगी कोपऱ्यात तोंड फिरवून बसली की "रुसलीस का गं?" याला माझ्याकडे शब्दच नव्हता. म्हणून मी विचारायचोच नाही. ओव्हरटाइम घ्यायचो. हे सगळं मी मराठीत सांगितलं, कारण इंग्रजीत ते अजूनही येत नाही. ती लिहीत होती. मग पेन थांबवून म्हणाली, "रुसणं मीन्स? अँग्री?" म्हटलं, नाही, राग वेगळा. रुसणं म्हणजे आपण दूर जाऊन बसायचं, पण इतकंच दूर की समोरच्याला येऊन समजूत काढता येईल. कॉफी गार होईपर्यंत मी ते समजावत होतो. तिने तो शब्द फॉर्मवर लिहून घेतला आणि म्हणाली, "मग मी रुसली होती, बाबा. लाँग टाइम."

व्याकरण मी दुरुस्त केलं नाही.

प्रबंधाचा हा चॅप्टर गाइडने पास केला. त्या गावातल्या एकेचाळीस घरांत शिक्षण आणि कमाईचे दोन्ही आलेख शेवटी जवळजवळ एकमेकांवर येऊन बसले. ग्रीक आईबापांच्या जवळ राहिले, चेक लांब गेले, एवढा फरक उरला, आणि कोण सुखी हे कुठल्याच रकान्यात बसेना. पोलिश आजींना काढून टाका म्हणून गाइडने सांगितलं होतं, अहिल्याने त्यांना तळटीपेत बसवलं आहे. त्यांचा बॉयलर मी पुढच्या फेरीत दुरुस्त करून आलो. पडदाही फ्रँकबरोबर दोन शनिवार बसून नवा दोर घालून वर चढवला.

दाजींना नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा. तुझ्या हातचं दोन ओळींचं उत्तर आलं तरी मला पुष्कळ.

तुझा,
उल्हास

ता. क. लिहायचं मुख्य ते राहिलंच. अहिल्या डिसेंबरात तुझ्याकडे येते आहे, महिनाभर, एकटी, मराठी शिकायला. हे तिने स्वतः ठरवलं, मी फक्त गाडी चालवत होतो. एक विनंती आहे आणि ती करायला मला भीती वाटते. तू एकतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलंस, जिल्ह्यात तुझ्यासारखे उच्चार कोणाचे नाहीत हे सगळे मानतात, आणि मागच्या वेळी भाची आली म्हणून तू तीन आठवडे तिच्याशी एक शब्दही मराठी बोलली नाहीस. या वेळी कृपा करून बोलू नकोस. इंग्रजी म्हणतो मी.

ता. क. २. दाजींनाही सांग. ते हवामान इंग्रजीतच विचारतात.

ता. क. ३. तिला तुला चकित करायचं आहे, त्यामुळे कोणाला सांगायचं नाही असं मला बजावून ठेवलं आहे. चौदा तारखेला सकाळी बेल वाजेल. दार उघडलंस की आश्चर्य वाटल्यासारखं कर, आणि ते मराठीत कर.