जास्तीचं टिंब

३ मार्च, शनिवार

चर्चमधली प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी रिकामी केली. अकरा निघाल्या. पाळकसाहेबांना उद्या अडखळायला नको म्हणून स्वच्छ अक्षरात उतरवल्या. बाबांची नेहमीचीच — "माझ्या हरवलेल्या लेकरांसाठी." नऊ वर्षं दर आठवड्याला तेच! आणि दर आठवड्याला मी त्यातलं ते टिंब गाळते. हरवलंय एकच. 'लेकरासाठी' हवं. बाबांचं शुद्धलेखन आधीपासूनच दिव्य.

आणि हरवलंय म्हणे. पळून गेली ती. माझ्या लग्नाला बारा दिवस होते, मी माझाच पोशाख शिवत बसले होते, आणि धाकटी माझ्याच होणाऱ्या नवऱ्याचा हात धरून चालती झाली. याला हरवणं म्हणत नाहीत.

७ मार्च, बुधवार

शिवणाच्या दुकानात दिवसभर पँटींच्या चेन बदलल्या. एका गिऱ्हाइकाला टोचून बोलले. मालकीणबाई म्हणाल्या, "बाई, सुई कापडात घाल, माणसात नको."

१० मार्च, शनिवार

ती आली.

बाबा खिडकीशी बसले होते. एकदम उठले — काठी नाही, चपला नाही — आणि थेट कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत धावले. ज्यांच्या गुडघ्यांना मी रोज तेल चोळते, ते हे! धाकटी एकटीच होती. एक पिशवी, केस पिकलेले. "बाबा, मी—" एवढंच म्हणाली. पुढचं त्यांनी बोलूच दिलं नाही. घरात आणून आईची शाल तिच्या खांद्यावर घातली. ती शाल मी तीनदा रफू केलीय.

मला म्हणाले, "तिला काहीतरी गरम कर गं." केलं. मीठ विसरले. मुद्दाम विसरले. तिनं मुकाट्यानं सगळं संपवलं.

१२ मार्च, सोमवार

कपडे वाळत घालताना धाकटी शेजारी येऊन उभी राहिली. "ताई, चौथ्या वर्षीच टाकलं त्यानं मला. तोंड दाखवायची लाज वाटत होती." मी चिमटे लावत राहिले. बरं वाटलं ऐकून. देवा, खरंच बरं वाटलं.

१५ मार्च, गुरुवार

आज बाबांना तोंडावर विचारलं. "नऊ वर्षं तुमचं सगळं मी केलं. माझ्यासाठी कधी धावलात?"

"तू तर इथंच आहेस," म्हणाले. मग वळून माझ्याकडे बघितलं. "आहेस ना गं?"

मी भांडी घासायला घेतली. पाळकसाहेब म्हणतात, हरवलेल्यांवर देवाचा फार जीव. मग जे कुठंच गेले नाहीत त्यांनी काय करायचं? नुसती दारं उघडायची? मला फसवलं सगळ्यांनी — तिनं, त्यानं, बाबांनी. आणि वर देवानंही.

१७ मार्च, शनिवार

पेटी उघडली. बाबांच्या दोन चिठ्ठ्या. पहिली उपकारस्तुतीची — "धाकटी घरी आली."

दुसरी, "माझ्या हरवलेल्या लेकरासाठी."

टिंब नाही. उजेडात धरून पाहिली. खरंच नाही.

नऊ वर्षं, दर शनिवारी, मी मलाच गाळत होते.