कुंदाने सांगितलेले शेवट

मी, दिनानाथ मोरेश्वर खारकर, वय अडुसष्ट, राहणार बदलापूर पश्चिम, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेला टेलिफोन ऑपरेटर, आज पूर्ण शुद्धीत, पोटभर नाश्ता करून आणि कोणाचेही दडपण न घेता हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. मला दिसत नाही. सहाव्या वर्षी देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. त्यामुळे अक्षर वकील सुजित यांचे असले तरी शब्द माझे आहेत. "काका, हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत," असे ते जिथे जिथे म्हणाले, तो मजकूर मी मुद्दाम ठेवायला लावला आहे.

माझी पत्नी कुंदा गेल्यानंतर मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द समजावे. त्यातली वाटणी मी फारशी बदललेली नाही, पण एका वाटणीचे कारण चुकीचे निघाले, आणि चुकीचे कारण मागे ठेवून जाणे मला पटत नाही.

कलम १. बदलापूरचा राहता फ्लॅट माझा मुलगा शौनक आणि सून राजसी यांच्या नावे समसमान करावा. दोघांच्या, हे शौनकने पुन्हा एकदा वाचावे. बँकेतली शिल्लक नात ओवीच्या शिक्षणासाठी ठेवावी. ती काय शिकते यात कोणी नाक खुपसू नये.

कलम २. ब्रेलची पाटी आणि टोचणी मी जिथे शिकलो त्या शाळेला द्यावी. माझा रेडिओ सोसायटीचे सेक्रेटरी हिरामण यांना द्यावा. "तुम्ही थिएटरात कशाला पैसे घालवता, घरी रेडिओ लावा," असे ते एकदा जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाले होते. रेडिओ चालू स्थितीत आहे. त्यांनी तो जरूर लावावा.

कलम ३. वांगणीची जागा, तीवरील खोली आणि विहिरीसह, जिज्ञासा भोईर हिला द्यावी. ती माझी कोणी लागत नाही; आधीच्या मृत्युपत्रातही ही जागा मी तिलाच दिली होती, तिच्या सिनेमांसाठी. बदलापूरजवळच्या आगरी घरातली ही मुलगी सिनेमे काढते. कॅमेरा मित्रांचा, जेवण घरचे आणि नट म्हणून गावातलीच माणसे. तिचे सिनेमे आठवडाभर सकाळच्या खेळाला लागतात आणि मग कुठे जातात कोणास ठाऊक. मी तिचे चारही पाहिले आहेत. पहिले तीन कुंदाबरोबर.

आमची रीत ठरलेली होती. शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्च्या घ्यायच्या. पडद्यावर कोणी बोलत नसेल तेव्हाच कुंदा माझ्या उजव्या कानात सांगायची. कोणाच्या चेहऱ्यावर काही होत असेल तर माझे मनगट दाबायची, कारण ते सांगता येत नाही असे तिचे म्हणणे. जिज्ञासाचे सिनेमे निर्दय असतात, माणसाला मध्येच सोडून देतात, असे लोक म्हणत. यावरून मी वाचनालयात तावातावाने भांडलो आहे. "नावं सुरू झाली की उठता तुम्ही. शेवट कोण बघणार?" असे मी सुनवायचो. सगळे गप्प बसत. मला वाटे, मुद्दा पटला.

यंदा तिचा 'हद्दीचा दगड' अंबरनाथ पश्चिमेला एका सभागृहात लागला. या वेळी सोबत राजसी होती. गोष्ट एका शेतकरी घरातल्या बाईची आहे. भावांनी शेत विकले आहे. मोजणीवाले येतात, मोजतात, जातात. संध्याकाळी ती एकटी शेतातून चालत जाते. संगीत नाही, बोलणे नाही. "ती चालतेय, बाबा," एवढे सांगून राजसी थांबली, आणि पुढे सांगायची गरजच उरली नाही. आधी पायाखाली भाताचे खुंट मोडत होते. मग बांधावरचे गवत आले. मग ओल, जिथून पाय सुटताना चिखल आवाज करतो. डावीकडे लांब टिटवी ओरडत होती, उजवीकडे इमारतींचे काम चालले होते, आणि ती जसजशी चालत होती तसतशी टिटवी मागे पडत गेली. मग खडी. आणि मग सिमेंट. सिमेंटवर तिचा पाय पडला तेव्हा मी माझे पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मी ते शेत बघितले. हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. एवढी मोठी जागा आयुष्यात मला कोणी दाखवली नव्हती, आणि तिने ती नुसत्या पावलांनी दाखवली. हात जोडावेत असे काम आहे ते.

मग पावले थांबली. मी विचारले, "पुढे?"

"संपला, बाबा. पडदा काळा झाला."

"नीट बघ. कोणीतरी तिला बोलवायला येत असेल."

"नाही ओ बाबा. नावं चाललीत."

जिज्ञासा दाराशीच उभी होती. मी तिला म्हटले, "बाई गं, हिला तिथेच का सोडलंस? पहिल्या सिनेमात घर सोडून गेलेला तो मुलगा तरी पहाटे दारात येऊन उभा राहतो."

ती म्हणाली, "काका, तो मुलगा परत येत नाय. मी तसं शूटच नाय केलं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बायकोने."

तिने माझा हात धरला. "आणि बाकीच्या दोन सिनेमांत काय होतं? सांगाल मला? पुढच्या सिनेमात वापरीन." मी हात सोडवून घेतला. राजसीने रिक्षा बोलावली.

कुंदाचा राग आला नाही असे नाही. रिक्षात चांगलाच आला. घरी पोचेपर्यंत मात्र मी थक्क झालो होतो. समोर काळा पडदा, बाजूला लोक खुर्च्या आपटत उठताहेत, आणि ही बाई आवाजही हलू न देता माझ्यासाठी कोणाला तरी घरी परत आणते आहे. तेही प्रत्येक सिनेमात.

शौनकने हे ऐकले आणि म्हणाला, "बाबा, ज्या सिनेमांसाठी जागा देताय ते तिने काढलेच नाहीत. आईने काढले. म्हणजे जागा आईची, आणि आईचा वारस मी." त्याचा युक्तिवाद बिनतोड होता हे मी इथे मान्य करतो. मी चाहता कोणाचा, जिज्ञासाचा की कुंदाचा, हे मलाच सांगता येईना.

म्हणून मी तोच सिनेमा पुन्हा पाहिला, उल्हासनगरला, सकाळच्या खेळाला. राजसीला बाहेर बसवले. ती बाई पुन्हा चालली, टिटवी पुन्हा मागे पडली, सिमेंटवर पुन्हा तसेच झाले. पावले थांबली. मी वाट पाहिली. कानात कोणी काही सांगितले नाही, आणि तरीही ती बाई माझ्यासमोर उभी होती. शेजारच्या खुर्चीतून एक सिंधी गृहस्थ हळूच म्हणाले, "साईं, वो उधर ही खड़ी रह गई क्या? कोई बुलाने नहीं आया?"

त्यांना माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हते. भाऊ आला, हात धरून घेऊन गेला, असे सांगणे अगदी जिभेवर होते. मी म्हणालो, "उधर ही है. कोई नहीं आया." ते नाक ओढत बसून राहिले. मीही बसलो.

म्हणून जागा जिज्ञासाचीच. कुठलीही अट नाही. शौनकने कोर्टात जाऊ नये. जायचेच असेल तर आधी हा सिनेमा बघावा.

कलम ४. कुंदाने सांगितलेले शेवट तिची मिळकत होते आणि तिच्यामागे ते माझ्याकडे आले. त्यातला एक जिज्ञासाला बोलण्याच्या ओघात कळला आहे, तो तिने खुशाल वापरावा. उरलेले दोन मी कोणालाही देत नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, जिज्ञासालाही नाही. ते माझ्या कानात सांगितलेले होते. ते मी बरोबर नेणार आहे.

सही: दिनानाथ मोरेश्वर खारकर
स्थळ: बदलापूर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

साक्षीदार: १. वेणू गोविंद कारखानीस (सही) २. बुद्धभूषण रामदास जाधव (सही)

वरील मजकूर आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. वाचन संपल्यावर दिनानाथ यांनी, "याच्या खाली आणखी काही लिहिलंय का?" असे विचारले. आम्ही कागद पाहिला आणि नाही म्हणून सांगितले. मग त्यांनी सही केली.