नीरजचा अंगठा

बुऱ्हाणपूर, मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय माझं. आमच्या कंपनीच्या क्लाउड डेटा सेवेची हेल्पची पानं मी लिहिते, त्या सेवेतली बटणं इंजिनिअर नीरज बदलतो. मागच्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर एका पानाबद्दल त्याला विचारलं, "ही पायरी अजून बरोबर आहे ना?" त्याने नुसता अंगठा टाकला. मी पान तसंच ठेवलं; बटणाचं काम मात्र त्याने आधीच बदललं होतं. आज एका ग्राहकाने ते वाचून बटण दाबलं आणि त्याचा सगळा जुना डेटा पुसला गेला.

मीटिंगमध्ये नीरज काय म्हणतो? "वो तो सिर्फ 'देख लिया' वाला अंगूठा था." निर्लज्ज! पण मी तरी एकदा स्वतः करून का नाही पाहिलं? एका अंगठ्यावर भागवलं.

आत्ता ग्रुपवर आमच्या टीमच्या मॅडमचा मेसेज आला, यापुढे तपासल्याशिवाय कोणी अंगठा टाकू नये. नीरजने लगेच अंगठा टाकला. त्याच्यामागे मीही.