नकाशाच्या मधोमध असलेल्या घराबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
नागरी नकाशा कक्ष, नगरपालिका

विषय : आमच्या घराची नकाशावरील स्थिती पूर्ववत करणेबाबत.
संदर्भ : माझा मागील अर्ज व त्यावर आपण तत्परतेने केलेली कार्यवाही.

महोदय,

मी, खाली सही करणारा चष्मेवाला, पुढे दुकान व मागे घर अशा जागेत वृद्ध आईसह राहतो. आपल्या संकेतस्थळावरचा तक्रारींचा नकाशा उघडला, की मधोमध लाल खूण दिसते. नागरिकाने ती बोटाने सरकवून आपल्या जागेवर न्यायची असते. पण सरकवतो कोण? लोक तक्रार लिहितात आणि 'पाठवा' दाबून मोकळे होतात. ती मधली जागा म्हणजे आमचे घर. त्यामुळे साऱ्या शहराची तुंबलेली गटारे व बंद पडलेले दिवे आमच्या नावावर जमा होत. एकदा तर कामगारांना खड्डा सापडेना, म्हणून त्यांनी दुकानासमोर नवा खणला व रीतसर बुजवला.

याबाबत अर्ज करताच नकाशा तयार करणाऱ्या बाई स्वतः आल्या. दुकानात बसून त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी केले आणि म्हणाल्या, "काका, आता इकडे कुणी फिरकणार नाही." आमच्या घरावरची खूण म्हणजे न सरकवलेली खूण, ती तक्रार घ्यायचीच नाही, असे त्यांनी नकाशाला शिकवले होते. महोदय, त्यांचा शब्द तंतोतंत खरा ठरला.

गेल्या आठवड्यात आईला धाप लागली. रुग्णवाहिकाही याच नकाशावरून मागवावी लागते, आणि ती खुणेपाशीच येऊन थांबते. मी खूण घरावर ठेवली. उत्तर आले, 'कृपया खूण आपल्या जागेवर न्यावी.' पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. फोन केला, तर पलीकडून सांगण्यात आले, "नकाशाच घेत नाही, त्याला आम्ही काय करणार?" शेवटी खूण मागच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीवर टाकली, आणि लॉन्ड्रीवाल्याने व मी आईला खुर्चीत बसवून तिथवर उचलून नेले. थोडक्यात निभावले.

डॉक्टर म्हणतात, असे पुन्हा होणार. लॉन्ड्रीवाला दुकान विकून गेला आहे, आणि एकट्याने खुर्ची मला उचलत नाही. बाईंना भेटलो. त्या हळहळल्या, पण नियम काढला तर खड्डेवाले परत येतील म्हणाल्या. येऊ द्यात. सबब हात जोडून विनंती, की ती जुनी चूक आम्हांस परत द्यावी. साऱ्या शहराच्या तक्रारी आमच्या दारी आल्या तरी हरकत नाही.

कृपया लवकर व्हावे. आईने परवापासून पलंग सोडला आहे. ती खुर्चीतच झोपते. म्हणते, "तुला उचलायला सोपं जाईल."

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
अर्जदार चष्मेवाला
दिनांक : आजचाच, सोमवार

सोबत : १) डॉक्टरांचा दाखला.
२) घर जागेवर असल्याचा फोटो.