छत्तीस तासांचं कुलूप

१ ऑक्टोबर २०२५, सांगली

या नानासोंचं काय करू! सकाळी सातला बारा काचांवर सोलर सेलचा थर चढवला. ओला थर दहा मिनिटांत ओव्हनमध्ये गेलाच पाहिजे — वहीत लाल शाईने लिहिलंय. ट्रे घेऊन शेजारच्या खोलीशी गेले तर दाराला कुलूप, वर झेंडूची माळ! नानासो आमच्या लॅबचे शिपाई, आधी माधवनगरच्या मिलमध्ये होते. म्हणे आज खंडेनवमी, ओव्हनची पूजा झाली, आता उद्या सोनं वाटल्यावरच उघडणार. मी नको ते बोलले. वडिलांच्या वयाचा माणूस! त्यांनी किल्ली खिशात घातली आणि चालू लागले.

काचा नायट्रोजनच्या बंद पेटीत ठेवल्या. खोलीवर आले. रडले पण.

२ ऑक्टोबर

काल दुपारी आडवी झाले ती आज सकाळीच उठले. म्हसवडहून आईचा फोन — दसऱ्याला तरी यायचं होतंस. संध्याकाळी सातला कुलूप निघालं. छत्तीस तासांच्या शिळ्या काचा! टाकूनच देणार होते. रागारागाने भाजल्या.

३ ऑक्टोबर

रागानेच दमट पेटीत चाचणीला लावल्या.

आमचा हा सोलर सेल बाजारातल्या पॅनेलपेक्षा लय स्वस्त पडेल. पण ओल लागली की काळी काच पिवळी पडते. पिवळी पडली की मेली. तीन वर्षांत माझी एकही काच दोनशे तासांपुढे गेली नाही. माझ्या गाईड प्रियदर्शनी मॅडमनी सांगून टाकलंय — डिसेंबरपर्यंत पाचशे तास, नाहीतर पीएचडीचा विषय बदल. म्हणजे पुन्हा पहिलीपासून. घरी कोणत्या तोंडाने सांगू?

१२ ऑक्टोबर

दोनशे सोळा तास. बाराच्या बारा काळ्या!! कुणाला बोलले नाही. दृष्ट लागेल.

२१ ऑक्टोबर

दिवाळी लॅबमध्येच. चारशे बत्तीस. नानासोंनी डबाभर करंज्या आणून टेबलावर ठेवल्या. मी अजून त्यांच्याशी धड बोलत नाही. करंज्या मात्र संपवल्या.

२४ ऑक्टोबर

पाचशे! ताकद अजून सत्त्याण्णव टक्के. मी एकटीच नाचले.

मॅडमनी स्वतः मीटर लावला, मग दुसरा मीटर आणवला. म्हणाल्या, पूजेची हळद उडाली असेल त्यावर. सांगलीची हळद! त्यांना पेपरातली बातमीच दिसायला लागली. मला पटेना. काचा पूजेच्या जवळपासही नव्हत्या. मग वेगळं काय झालं? एकच. काचा थांबल्या.

३१ ऑक्टोबर

हळद घातलेल्या काचा चौथ्या दिवशी पिवळ्या. मॅडमनी त्या ट्रेमधून बाजूला काढल्या. मी हसू दाबायला गेले, जमलं नाही. त्याच दिवशी लावलेल्या माझ्या बिनहळदीच्या, छत्तीस तास थांबवून भाजलेल्या — काळ्या कुळकुळीत.

१८ नोव्हेंबर

दुसरी खेपही पाचशेच्या पुढे! पहिली तर अकराशेवर! जिंकले. जिंकले. जिंकले.

थांबवलं की थर आपल्या सवडीने वाळतो, दाणे मोठे होतात, मध्ये फटी राहत नाहीत. ओल शिरणार कुठून? आणि मी तीन वर्षं दहा मिनिटांच्या नियमाला चिकटून बसले होते, बावळटासारखी. मॅडमनी सगळ्या डिपार्टमेंटसमोर माझा हात हातात घेतला. शोधनिबंधावर पहिलं नाव माझंच राहणार.

म्हसवडला आप्पांना फोन केला. ते म्हणाले, "म्हंजे आता तुजी काच मरत न्हाई?" मागे मेंढरांचा आवाज येत होता.

शोधनिबंधाच्या शेवटी आभार लिहिलेत — खंडेनवमीच्या प्रथेचे आणि ती पाळणाऱ्या नानासोंचे. त्यांचं पूर्ण नाव विचारायचंय.

२० नोव्हेंबर

नाव विचारायला गेले, आभाराचं वाक्य वाचून दाखवलं. नानासो झाडू थांबवून म्हणाले, "प्रथा कसली ताई. पूजा झाली की दुपारी मशिनी सुरू करत्यात, मिलमधी बी करायचे. तुमी चार दिस घरला गेला नव्हता, उब्या उब्या डुलक्या घेत हुता. कुलूप तुमच्यासाठी लावलं."

वाक्य खोडलं. दुसरं अजून सुचत नाही.